‘कांडी’भर बटर म्हणजे किती हो?

प्रति,
मा. संपादक,

विषय : शनिवारच्या पुरवणीतली ‘अंडं न घालता छोट्या चॉकलेट चिप कुकीज’ ही पाककृती

स. न. वि. वि.

मी पाककृती वाचणारा माणूस नव्हे. नोकरीची एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून गेली. बाजारच्या दिवशी काटे तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप लावून बघायचं, हे माझं काम. त्यामुळे आपल्या पुरवणीतली ही पाककृती माझ्या नऊ वर्षांच्या नातीनं मोठ्यानं वाचायला घेतली, तेव्हा मला पहिल्या ओळीतच ठेच लागली. ‘२ वाट्या मैदा, १ वाटी साखर, बटरची १ कांडी.’

वाटीचं नंतर सांगतो. कांडी म्हणजे काय? आम्ही सातारकर. कंदी पेढा आम्हाला ठाऊक आहे, कांडी उसाची असते, खडूची असते. बटरची कधी ऐकली नव्हती. शेवटी नातीनंच फोनवर शोधून काढलं. अमेरिकेत बटर लांबट कागदी वेष्टनात मिळतं आणि त्या एका तुकड्याला तिथे ‘स्टिक’ म्हणतात, वजन साधारण ११३ ग्रॅम. आपल्याकडे वडी मिळते १०० ग्रॅमची, नाहीतर ५०० ग्रॅमची. म्हणजे पाककृती अमेरिकेतून आली, बटरची नुसती कांडी झाली आणि ग्रॅम वाटेतच कुठेतरी गळाले. अमेरिकेतला कप २४० मिलीचा. त्याची आपण ‘वाटी’ करून टाकली.

आता वाटी. आमच्या स्वयंपाकघरात पाच प्रकारच्या वाट्या आहेत. मी प्रत्येकीत काठोकाठ पाणी भरून काट्यावर ठेवली. तुपाची ९५ मिली, आमटीची १३०, लग्नात आहेर आलेली १६०, तिच्यासारखीच दिसणारी पण बोहारणीकडून घेतलेली १६५ आणि खिरीची २१०. यातली कुठली? शिवाय मैदा काही पाणी नव्हे. आहेराच्या वाटीत चाळून अलगद भरला तेव्हा ८२ ग्रॅम बसला. तीच वाटी डब्यात बुडवून, ठोकून भरली तेव्हा १०८. एका वाटीत २६ ग्रॅमचा फरक. एवढा फरक बाजारातल्या काट्यात सापडला असता तर मी तो काटा जप्त केला असता.

काटा खरा कशावरून, असं कुणी विचारील म्हणून सांगतो. घरचा काटा तपासायची सोपी युक्ती आहे. दहा रुपयांचं दोन रंगांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. दहा नाणी ठेवा, ७७ ते ७८ दिसले पाहिजेत. आमचा काटा ७७ दाखवतो. निवृत्त माणसाच्या घरात एवढं चालतं.

पण खरा घात केला तो ‘ओव्हन ३५० अंशांवर तापवून घ्या’ या वाक्यानं. माझ्या मुलानं पुण्याला घर बदललं तेव्हा त्याचा २८ लिटरचा ओव्हन आमच्याकडे आला. त्याची खुंटी २५०लाच संपते. नात म्हणाली, “आबा, मग आहे तेवढं लाव.” लावलं. आठव्या मिनिटाला धूर. ट्रे बाहेर काढला तर एकवीस काळे ठिपके. आमची मंडळी दारात उभी राहून म्हणाली, “अहो, राखुंडी लागत असेल तर तशी सांगायची ना.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो रात्री. ते ३५० फॅरनहाइट असणार. बत्तीस वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा : १७७. तापमानापुढे एक अक्षर छापलं असतं तर आमचं पाऊण पाकीट बटर वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी १८०वर आणि आपण छापलेली वीस मिनिटं. या वेळी वरून सोनेरी, खालून काळ्या, आणि आतलं चॉकलेट कडू. इथे दोष मापाचाच, पण निराळ्या मापाचा. पाककृतीत ‘लिंबाएवढे गोळे’ असं म्हटलंय आणि मथळ्यात ‘छोट्या’; आम्ही मथळा धरून छोट्या केल्या होत्या. मी लिंबाएवढा एक गोळा वजन केला, २८ ग्रॅम भरला. तोंडात एका घासात जाईल अशी कुकी हवी असेल तर कच्चा गोळा ८ ग्रॅमचा लागतो, म्हणजे दहाच्या नाण्याच्या वजनाचा, मोठ्या बोराच्या आकाराचा. २८ ग्रॅमच्या गोळ्याला लागणारा वेळ ८ ग्रॅमच्याला दिला तर तो जळणारच. लहान गोळ्यात उष्णता मध्यापर्यंत लगेच पोचते आणि तळाचा पत्रा तर पहिल्यापासून भाजतच असतो.

गंमत म्हणजे या कुकीचा जन्मच लहान आकारात झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी ‘टोल हाउस’ नावाची खाणावळ होती. ती चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड यांनी १९३०च्या दशकात ही कुकी केली. त्यांच्या मूळ कृतीत गोळ्याचं माप अर्धा चमचा होतं आणि त्यातून शंभर कुकीज व्हायच्या. बाईंनी नग लिहिले होते, हे मला फार आवडलं. आपल्या पाककृतीत किती होतील ते कुठेच नाही.

आमच्या घरात अंडं येत नाही. मंडळींच्या गळ्यात माळ आहे, आषाढीला पंढरीला जाणं आहे. चॉकलेटचं पाकीट आणलं तरी आधी भिंग घेऊन हिरवा ठिपका बघते. (अंडं असलेल्या बिस्किटावर आता तपकिरी त्रिकोण असतो, हे मला तिनंच शिकवलं.) तेव्हा अंड्याशिवाय करायचं हे ठरलेलंच. आपण लिहिलंय, ‘अंड्याऐवजी अर्धी वाटी दही घाला.’ घातलं होतं, पहिल्या दोन्ही वेळा. पीठ थापायच्या भाकरीसारखं सैल झालं आणि कुकी केकसारखी फुगली.

याचा हिशेब असा. मध्यम अंडं टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅम, त्यात तीन चतुर्थांश पाणीच. बाकीचं काम पीठ धरून ठेवण्याचं. पण ८ ग्रॅमच्या गोळीला धरून ठेवायला असं काय लागतं? मैदा, बटर आणि साखर एकमेकांना धरतात तेवढं पुरे. खोटं वाटत असेल तर नानकटाई बघा, तिला कुठे अंडं लागतं. फक्त पीठ कोरडं राहू नये म्हणून थोडं दूध हवं.

नानकटाईवरून आठवलं. आमच्या लहानपणी मे महिन्यात आई घरचा रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायची. भट्टीवाला बिस्किटं करून द्यायचा, भाजणावळ किलोवर. पत्र्याचा मोठा डबा घेऊन मी मागे. मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली, पण आईचा हिशेब चिपट्या-मापट्यातच. भट्टीवाला किलोत बोलायचा. दोघांचं कधी जुळायचं नाही. डालडा मारला, असा तिचा कायमचा संशय. ती भट्टीजवळच्या धगीत स्टुलावर बसून राहायची, ट्रे भट्टीत जाताना बिस्किटं मोजायची, बाहेर येताना पुन्हा मोजायची. मी मोठा होऊन ज्या खात्यात गेलो त्याचं मूळ त्या स्टुलावर असावं. बाकी एक खरं, आईचं मापटं दरवेळी तेच असायचं, कोनाड्यातलं, कडेला चेपलेलं. पायली गावागावाला बदलत असेल, पण घरातलं माप बदलत नव्हतं. आपली ‘वाटी’ पाच घरांत पंचवीस आहे.

तिसऱ्या खेपेला मी आपली पाककृती बाजूला ठेवली आणि वहीत ग्रॅम मांडले. मैदा १५० ग्रॅम. पिवळं बटर ९०, खारं असतं म्हणून वेगळं मीठ नाही. ब्राउन शुगर आमच्या वाण्याकडे नव्हती, म्हणून गुळाची पावडर ५० आणि पिठीसाखर ४०. कॉर्नफ्लोअर १०, दूध २५, चॉकलेट ७०. खायचा सोडा सपाट पाव चमचा. इथे मात्र मी चमचा मान्य करतो, कारण दीड ग्रॅमच्या आतली वस्तू आमचा काटा धड दाखवत नाही. सोडा जास्त पडला की साबण चाखल्यासारखं होतं, तेवढं सांभाळायचं. बेरीज ४३५ ग्रॅम. आठनं भागलं की ५४.

चॉकलेटबद्दल एक सांगायला हवं. पहिल्या दोन वेळी वापरलेल्या तयार चिप्स जळल्या नव्हत्या तेव्हासुद्धा टाळूला मेणचट लागत होत्या. पाकिटावरचे घटक वाचले : साखर, वनस्पती स्निग्ध पदार्थ, कोको पावडर. म्हणजे कोको बटर नाहीच. याला केकच्या सामानाच्या दुकानात ‘कंपाउंड’ म्हणतात. कोको बटर अंगाच्या उष्णतेलाच, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरघळतं. कंपाउंड स्वस्त आहे आणि आमच्याकडच्या एप्रिलमध्ये टिकतं, तेव्हा ज्याला तेच परवडतं त्यानं ते घ्यावं, माझी हरकत नाही. मी साधी डार्क वडी आणली आणि सुरीनं बारीक चिरली. त्याला आणखी एक कारण होतं. आठ ग्रॅमच्या गोळीत बाजारची अख्खी चिप जेमतेम दोन बसतात. चिरलं की प्रत्येक घासात येतं.

बटर आणि साखर नातीनं लाकडी डावानं फेटली, मग दूध, मग बाकीचं. पीठ मळायचं नाही, गोळा होईपर्यंत नुसतं गोळा करायचं. अर्धा तास फ्रिजमध्ये. मग गोळ्या. मी एकेक काट्यावर ठेवत होतो. विसावी झाल्यावर नात म्हणाली, “आबा, मला अंदाज आलाय,” आणि पुढच्या चौतीस तिनं काट्याशिवाय केल्या. मी गुपचूप सात तपासल्या. सर्वांत हलकी ७, सर्वांत जड ९. आमच्या खात्यात काही जणांना हे दहा वर्षांत जमलं नव्हतं.

अंडं नसलं की पीठ स्वतःहून फारसं पसरत नाही, म्हणून गोळी बोटानं जरा दाबायची. १७० अंश, अकरा मिनिटं. (ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मी मुद्दाम आणला. आमची खुंटी पंधरा अंश जास्तीची थाप मारते, म्हणून मी १८५वर लावतो.) बाहेर काढल्या तेव्हा कडा घट्ट आणि मध्य बोटाला मऊ लागत होता. मंडळी म्हणाली, “कच्च्या आहेत.” पहिला ट्रे तिच्या मताला मान देऊन आणखी चार मिनिटं आत ठेवला, तो गार झाल्यावर दात मागायला लागला. दुसरा तसाच पत्र्यावर राहू दिला. दहा मिनिटांत कडेनं कुरकुरीत झाल्या आणि आत थोड्या ओलसर राहिल्या. या तिनं नैवेद्याला दोन ठेवल्या आणि पुढे काही बोलली नाही.

माझी मागणी एवढीच आहे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर निव्वळ वजन छापावं लागतं. आपण रविवारी सोन्याचा भाव दहा ग्रॅमचा छापता, वाटीचा नाही. मग पाककृतीत ग्रॅम छापायला जागा कमी पडू नये. तापमानापुढे सेल्सिअस असं पूर्ण लिहावं. ‘लिंबाएवढा’ असेल तर त्याचं वजन द्यावं आणि किती नग होतात तेही. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांच्यासाठी कंसात वाटी ठेवा, पण ती किती मिलीची ते एकदा पुरवणीच्या कोपऱ्यात सांगा.

या पाककृतीची दुरुस्ती येत्या शनिवारी छापावी. आमच्या आळीत आणखी दोघींनी ३५० वाचून ओव्हन शेवटच्या खुणेपर्यंत फिरवला होता. एकीच्या घराचा फ्यूज उडाला.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक, सातारा

ता. क. : माझं नाव छापू नये. ५४ पैकी ५१च डब्यात भरल्या आणि बाकीच्या तीन कुठे गेल्या याची घरात चौकशी चालू आहे.