मैदानावर उरलेल्या जेवणाचा हिशेब कोणी ठेवायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर जिल्ह्यातील स्पर्धांचे निकाल नियमित येतात. पण स्पर्धा संपल्यावर मैदानाच्या मागच्या बाजूला काय उरते, याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी क्रीडा शिक्षक म्हणून शाळेचे संघ घेऊन मैदाने फिरलो आणि निवृत्तीनंतरही पंच म्हणून जात असतो, त्यामुळे जे सांगतो आहे ते डोळ्यांनी पाहिलेले आहे.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूर शहरातील एका मैदानावर शालेय मुलांच्या सांघिक स्पर्धा झाल्या. बक्षीस समारंभ उरकून मी निघालो तेव्हा गॅलरीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता आणि सफाईच्या कामाला आलेल्या मावशी एका पिशवीची गाठ सोडून आत पाहत होत्या. त्यांनी त्यातला चंदेरी कागदाचा एक डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत पुलाव होता, त्यावर कोशिंबिरीची पुडी आणि कोपऱ्यात जिलेबीचा एक वेढा, सगळे जसेच्या तसे. "सर, सकाळपास्नं जेवलीस का म्हणून कुणी इचारलं न्हाई, आन् आता ह्ये भरून टाकायला सांगत्यात," एवढेच त्या म्हणाल्या. भाताला तोवर आंबूस वास सुटला होता. आम्ही दोघांनी मिळून न उघडलेले डबे मोजले, ते १७४ भरले. अर्धवट खाल्लेले वेगळेच.

आयोजकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पदरमोड करून, रात्री जागून स्पर्धा भरवणारी ती माणसे आहेत. अन्न वाया जाते ते जेवण ठरवण्याच्या पद्धतीमुळे. जेवणाचा आकडा प्रवेशिकांवरून तीन-चार दिवस आधी आचाऱ्याला दिला जातो, त्यात पंच, स्वयंसेवक आणि पाहुणे मिळवले जातात आणि कमी पडून नाचक्की व्हायला नको म्हणून वर आणखी काही ताटे धरली जातात. प्रत्यक्षात काय होते? बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ आले, तर पहिल्या फेरीतच आठ संघ बाहेर पडतात. चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याहून पहाटे निघालेला संघ सकाळी साडेदहाला हरला, तर तो दीडच्या जेवणासाठी थांबत नाही, मिळेल त्या एसटीने गाव गाठतो. जे संघ उरतात, त्यांतील मुलांना दुपारी पुन्हा खेळायचे असते, म्हणून त्यांचे शिक्षकच पोटभर भात खाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. म्हणजे जेवणारी तोंडे दर तासाला कमी होत असतात आणि डबे मात्र सकाळी नऊलाच बांधून तयार असतात.

याच मैदानांबाहेर गाडा लावणाऱ्यांकडे पाहावे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असला की बाहेर भडंग, भेळ, शेंगदाणे विकणारे उभे असतात. भेळवाला गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय कांदा-टोमॅटो चिरमुऱ्यांत कालवत नाही. सामना लवकर संपला किंवा पाऊस आला, तरी त्याचे चिरमुरे डब्यात आणि चिंचेचे पाणी बरणीत शाबूत असते. नुकसान स्वतःच्या खिशातून जाणार असल्यामुळे तो मागणी पाहून माल कालवतो. स्पर्धेच्या जेवणाचा खर्च देणगीदाराच्या नावावर पडतो, आचाऱ्याला ठरलेल्या ताटांचे पैसे मिळतात, आणि उरलेल्या डब्यांचा हिशेब कोणीच मागत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्री मुख्य स्टेडियममध्ये कर्मचारी आणि स्वयंसेवकांसाठी मागवलेले सुमारे ४,००० डबे टाकून द्यावे लागले आणि आयोजकांनी ते जाहीरपणे मान्य केले. प्रेक्षकांना प्रवेशबंदी झाल्यामुळे मनुष्यबळ कमी लागले, पण जेवणाची मागणी त्या प्रमाणात कमी केली गेली नाही. शिस्तीसाठी जगभर नावाजलेल्या देशातही आकडा आधी ठरला आणि माणसे नंतर मोजली गेली, की हेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे २९ कोटी टन हॉटेले, खानावळी आणि केटरिंगसारख्या जेवण पुरवणाऱ्या व्यवसायांतले होते.

असे काही छापून आले की लगेच सूचना येते, उरलेले जेवण गरिबांना वाटून टाका. या सूचनेमागची भावना मोलाची आहे, पण इथे थांबून नीट विचार करायला हवा. आपल्या भाषेत उष्टे आणि उरलेले असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. घरातल्या बाईला त्यांतला फरक सांगावा लागत नाही, मैदानावर मात्र दोन्ही एकाच पिशवीत, पाण्याच्या बाटल्यांसह कोंबले जाते. उष्टे कोणाला देता येत नाही, ते खताकडे किंवा बायोगॅसकडेच जायला हवे. उरलेले देता येते, पण ठरावीक वेळेतच. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि गरम ठेवायचे असेल तर ते ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते, कारण कोमट भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष तो भात पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. सकाळी नऊला बांधलेला पुलाव संध्याकाळी सहाला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पेशंटच्या नातेवाइकांना वाटणे हे दान नाही. जे आपण आपल्या मुलांच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या ताटात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

यासाठी नियम अस्तित्वात नाहीत असे नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने शिल्लक अन्न गोळा करून वाटण्याविषयी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम केले. परवाना नसलेल्या जागी १०० पेक्षा अधिक लोकांचा कार्यक्रम घ्यायचा असेल, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावे आणि कचरा जागेवरच वेगळा करावा, अशी तरतूद २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत करण्यात आली. मैदानावर मात्र ओला आणि सुका कचरा असे दोन पिंप ठेवलेलेही मला क्वचितच दिसले. ओले अन्न प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कसबा बावड्याच्या झूम या कचरा प्रकल्पाकडे जाणाऱ्या गाडीत चढते, आणि ते वेगळे केले गेले नाही तर ढिगाखाली हवेशिवाय कुजून मिथेन तयार करते.

माझ्या तरुणपणी आम्ही कबड्डी खेळायला खेडोपाडी जात असू, तेव्हा तालमीतले एखादे जाणते गृहस्थ पारावर उभे राहून खेळाडू वाटून देत: या घरी तीन, त्या घरी चार. मग ज्या त्या घरची चूल पेटायची. पाहुणे किती, हे ठाऊक झाल्यावरच पिठात हात जायचा, त्यामुळे भाकरी कमीही पडत नसे आणि टाकावीही लागत नसे. सहाशे मुलांच्या स्पर्धेला आज हे जमणार नाही, याची मला जाणीव आहे. पण आधी माणसे मोजायची आणि मग शिजवायचे, हा क्रम आजही पाळता येतो.

तेव्हा माझी विनंती महापालिका, जिल्हा क्रीडा विभाग आणि मैदाने देणाऱ्या सर्व संस्थांना आहे. मैदानाच्या परवानगीपत्रात जेवणाच्या जबाबदारीसाठी एका व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे. त्या व्यक्तीने सकाळी हजेरी घ्यावी, पहिली फेरी संपताच किती संघ थांबणार आहेत ते विचारावे आणि दुसरे पातेले त्यानंतरच चुलीवर चढवायला सांगावे. अनुभवी आचाऱ्याला यात काही नवीन नाही, लग्नात तो अर्धा तांदूळ धुऊन बाजूला ठेवतोच. शक्य असेल तिथे बंद डब्यांऐवजी वाढून द्यावे, म्हणजे मुलगा हवे तेवढेच घेईल आणि पातेल्यातले अन्न न हाताळलेले राहील. जेवण सुरू झाल्यापासून तासाभरात काय उरणार आहे ते कळते. ते गरम असतानाच नेणाऱ्या संस्थेशी आदल्या दिवशी बोलणे झालेले असावे, आणि सर्वांत आधी मैदानावर राबणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांना, माळी आणि शिपायांना पंगतीला बसवावे. या शेवटच्या गोष्टीसाठी तर कोणत्याही परवानगीची गरज नाही.

हे शहराला झेपणारे आहे. २०१९ च्या महापुरात घराघरांतून भाकऱ्या भाजून निवारा केंद्रांवर पोहोचवल्या गेल्या, तेव्हा कोणत्या केंद्रावर किती माणसे आहेत हे आधी विचारले जाई आणि त्याप्रमाणे गठ्ठे बांधले जात. ज्यांनी ते काम केले त्यांतलीच मुले आज तालीम मंडळांत आणि स्पर्धांच्या समित्यांवर आहेत.

शालेय स्पर्धांचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या आयोजकाने हा प्रयोग करायचे ठरवले, तर सकाळी नऊ वाजता वही घेऊन मैदानाच्या दारात हजेरी घ्यायला आणि संध्याकाळी उरलेली ताटे मोजायला मी येईन. तो आकडा जो काही निघेल, तो आपल्या दैनिकाने स्पर्धेच्या निकालाशेजारी छापावा, एवढीच आपणास विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक, कोल्हापूर