ड्रोनला छप्पर दिसतं, हिस्सेदार दिसत नाहीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गावठाणांच्या ड्रोन मोजणीच्या बातम्यांत कौतुक असतं ते यंत्राचं, आणि ते रास्तच आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी प्रयोग झाला, पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अशाच मोजणीची ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. इंग्रजांनी शेतजमीन मोजली, कारण सारा तिथून यायचा. घरांच्या वस्तीभोवती, म्हणजे गावठाणाभोवती, हद्द आखून आतलं सगळं तसंच सोडलं. त्यामुळे राहत्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, तोही घरपट्टीपुरता. त्याने मालकी सिद्ध होत नाही, आणि तेवढ्यावर कर्ज द्यायला बँक नाखूश. ड्रोन मोजणीनंतर मिळणाऱ्या मिळकत पत्रिकेने, म्हणजे घराच्या मालकीची नोंद असलेल्या कागदाने, हे बदलेल, याबद्दल वाद नाही.

माझं म्हणणं ड्रोन उतरल्यानंतरच्या कामाबद्दल आहे. उड्डाणाआधी हद्दीवर चुन्याची फक्की मारतात, म्हणजे वरून घेतलेल्या फोटोत ती पांढरी उठून दिसते. देशावरच्या उघड्या गावठाणात हे छान जमतं. आमच्या कोकणात घर असतं फणसाच्या सावलीत, फोटोत येतो फणसाचा शेंडा. छप्पर दिसलं तरी दिसते ती पागोळी, भिंत नव्हे; आणि कोणाच्या पागोळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, यावरच तर वाडीतली निम्मी भांडणं! शेवटी टेप घेऊन माणसालाच जागेवर जावं लागतं. पद्धतीतही तेच सांगितलंय: आधी जागेवर पडताळणी, मग चौकशी, हरकती आणि शेवटी पत्रिका.

घोळ होतो तो चौकशीत. आमच्या गावात ती ऐन पावसात लागली. चाकरमानी मुंबई-ठाण्यात, घरांना कुलपं, नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. जे हजर होते त्यांनी सांगितलं तसं लिहिलं गेलं. भाऊबंदांपैकी एकाने मला मोबाइलवर नकाशा पाठवला. आजोबांचं घर पडवीसकट, मागच्या खळ्यासकट नेमकं उतरलं होतं, रेघ इकडची तिकडे नाही. नाव मात्र एकट्या चुलतभावाचं. त्याला दोष देत नाही, तो बिचारा घर सांभाळतो आणि त्याला विचारलं तेवढं त्याने सांगितलं. इतर हिस्सेदार कोण, लग्न होऊन गेलेल्या आत्या कुठे, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण अजूनही चौकशीच्या कागदावर तिचं नाव आपोआप येत नाही.

हा घरातला मामला म्हणून सोडून देता येणार नाही, कारण कोकणात जमिनीचे एजंट गावोगाव फिरताहेत. सातबाऱ्यावर पंचवीस नावं दिसली की गिऱ्हाईक चार वेळा विचार करतं. एकाच नावाची मिळकत पत्रिका म्हणजे त्यांना आयतं कुरण. खरेदीखत झाल्यावर बाकीच्यांनी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, तेही गावाहून दूर नोकऱ्या सांभाळून.

भूमी अभिलेख खात्याला अवघड नाही असं काही मागतो. कोकणातल्या गावांची चौकशी ऐन पावसात लावू नये. गणपती-शिमग्याला अख्खं गाव जागेवर असतं. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्यांची अडचण असेल तर मे महिना आहेच. जवळपास प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं, नोटिशीची एक प्रत त्याच्याकडे जावी. सामाईक घराला बहिणींसह वंशावळ घेतल्याशिवाय नाव लावू नये. शिवाय वाड्यांमधली कितीतरी घरं गावठाणाबाहेर, शेतीच्या सर्व्हे नंबरात उभी आहेत. त्यांना पत्रिका मिळणार का, आणि कोणत्या कागदांवर, हे खात्याने ग्रामसभेत स्पष्ट सांगावं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली
(मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात)