झेरॉक्सला सायटेशन नसतं : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला वेळ कमी असतो म्हणून आधी मागण्याच सांगते, दोनच आहेत. पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापला त्या दिवशी ते जर्नल यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत असेल तर प्रमोशनसाठी तो पेपर धरा. आणि मराठीत छापलेलं संशोधन मोजायची काहीतरी रीत ठरवा. बस. आता झालं काय ते ऐका.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवतेय. गेल्या मंगळवारी प्रोफेसर पदाची मुलाखत होती. नियमाने दहा पेपर आणि ११० रिसर्च स्कोर लागतो, माझे पेपर अकरा. त्यातला २०१७ चा एक कापला, का तर मे २०१८ मध्ये यूजीसीने एका फटक्यात ४३०५ जर्नलं यादीतून उडवली त्यात ते पण गेलं. अहो पण मी छापला तेव्हा होतं ना यादीत, मी काय ज्योतिषी आहे? दुसरा मराठीतला, त्याला पिअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासणी, झाल्याचं पत्र जोडलेलं नाही म्हणे. ज्या संपादकांनी तो तीनदा लाल पेनाने रंगवून परत पाठवला होता ते सर आता हयात नाहीत, पत्र कुठून आणू? उरले नऊ.

वर मुलाखत समितीच्या एका सदस्यांनी मोबाइल काढला, गूगल स्कॉलर उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा एच-इंडेक्स तीनच दिसतोय." आणि बिस्कीट चहात बुडवलं. साहेब, हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ साली काढलेलं हे माप, कुणाच्या किती पेपरांना किती सायटेशन, म्हणजे इतर पेपरांत संदर्भ, मिळाले याचं, प्रमोशनच्या नियमात ते नेमकं कुठल्या पानावर आहे तेवढं दाखवा. शिवाय माझं नाव इंग्रजीत तीन स्पेलिंगने छापलं गेलंय, लग्नाआधीचं एक आणि नंतरची दोन, त्यामुळे गूगलच्या लेखी आम्ही तीन वेगवेगळ्या बायका आहोत.

तो मराठी पेपर कशावर होता हे कुणी विचारलंच नाही. मी सांगते. नैराश्याची एक प्रश्नावली जगभर वापरतात, तिचा पहिलाच प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं. यवतमाळकडच्या एका गावात नवरा गेलेल्या एका बाईला मी हा विचारला तर ती माझ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "मॅडम, निंदाले का कोणी हौसेनं जाते?" निंदाले म्हणजे शेतातलं तण काढायला. मी गप्प. मग तो प्रश्न मोडून, सणाला पुरण घालावंसं वाटतं का, शेजारणीकडे जाऊन बसावंसं वाटतं का, असं करत करत दोन उन्हाळे गेले, पेट्रोल घरचं, मुलगी तेव्हा दहावीला होती आणि तिचे टोमणे मी अजून ऐकते. त्या पेपरला सायटेशन किती? दोन. त्यातलं एक माझं मीच दिलेलं.

पण मागच्या वर्षी एका खेड्यातल्या समुपदेशन केंद्रात गेले तर टेबलावर माझीच प्रश्नावली! झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून सहावा प्रश्न वाचता येईना, आणि वरची माझ्या नावाची ओळ कटलेली. तिथली मुलगी म्हणाली, आमच्याकडे कधीपासून हीच वापरतात. आता ती बिचारी पेपर थोडीच लिहिणार आहे? झेरॉक्सला सायटेशन नसतं साहेब.

आणि ज्यांना असतं त्यांचं काय? हान्स आयझेंक १९९७ ला वारला तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांमध्ये सगळ्यात जास्त सायटेशन त्याची होती, २०१९ मध्ये त्याच्याच लंडनच्या कॉलेजने त्याचे २६ पेपर भरवशाचे नाहीत म्हणून सांगितलं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग परत करून बघितले तर चाळीसच्या आतच निकाल जुळले, नेमका आकडा तुमच्या पीएला शोधायला सांगा. आपल्याकडे तर 'अहो रूपम् अहो ध्वनिः', तू माझं सायटेशन दे मी तुझं देतो, आणि माझ्या व्हॉट्सॲपवर रोज मेसेज, सात दिवसांत स्कोपसच्या यादीतल्या जर्नलात पब्लिकेशन, ऑथरशिप विकणे आहे.

हे प्रमोशनचे नियम यूजीसीचे, आमचे नाहीत, असं म्हणू नका, २०१९ ला जीआर काढून तुमच्याच खात्याने ते लागू केलेत. त्या नियमात इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचं वजन सांगणारा आकडा, थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून बघा असं लिहिलंय, आणि थॉमसन रॉयटर्सने तो धंदा २०१६ मध्येच विकला! नियम २०१८ चा. वाचतं का कोणी? मग जर्नलांची नवी यादी, केअर लिस्ट, आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद. दर वेळी फूटपट्टी बदलायची आणि आम्ही जुन्या कपड्यात मावत नाही म्हणून ओरडायचं. आमच्या विभागात मी एकटी कायम, बाकी दोघं तासिका तत्त्वावर, त्यांचं मानधन दिवाळीनंतर येतं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइली मी, निवडणुकीची ड्यूटी मी, पेपर तपासणी मी, आणि वर विचारायचं संशोधन का कमी.

फाइल दुरुस्त करून परत द्यायला सांगितलीय, सहा प्रती, स्पायरल बाइंडिंगसह, सोमवारपर्यंत. पाच झाल्यात. सहाव्याला झेरॉक्सवाल्याचं टोनर संपलं.

आपली,
नऊ पेपरवाली एक प्राध्यापिका