आमचं मतदान अजून व्हायचंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्स यांनी आता माघार घ्यावी, असं सांगणारा आपला अग्रलेख परवा इंटरनेटवर वाचला. मी गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत राहते. डेमोक्रॅटिक पक्षाची नोंदणीकृत मतदार आहे आणि येत्या ७ जूनला हिलरी क्लिंटन यांनाच मत देणार आहे. तरीही अग्रलेखातलं म्हणणं मला पटलं नाही.

आकड्यांबद्दल माझा वाद नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनासाठी मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींमध्ये हिलरी सुमारे पावणेतीनशेने पुढे आहेत आणि एकूण मतांतली त्यांची आघाडी ३० लाखांच्या आसपास आहे. डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानात, जिंकणाऱ्याला राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत, ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. त्यामुळे मागे पडलेल्याने एखादं राज्य जिंकलं तरी फरक फारसा भरून निघत नाही. वेस्ट व्हर्जिनिया आणि ओरेगॉन ही दोन्ही राज्यं या महिन्यात सँडर्स यांनी चांगल्या फरकाने जिंकली, पण हिलरींची आघाडी जेमतेम हलली. बरोबरी साधायची तर उरलेल्या प्रतिनिधींपैकी दोन तृतीयांश त्यांना मिळवावे लागतील. ते होणार नाही, हे मलाही दिसतं.

पण मी २००८ साल विसरलेले नाही. त्या वर्षी न्यू जर्सीने आपली प्रायमरी जूनमधून ओढून ५ फेब्रुवारीला आणली होती. मी हिलरींना मत दिलं आणि त्या आमच्या राज्यात जिंकल्या. नंतर त्याच महिन्यात त्यांचे प्रतिस्पर्धी बराक ओबामा यांनी ओळीने अकरा ठिकाणी विजय मिळवले आणि हिलरींनी आता बाजूला व्हावं, अशी कुजबुज सुरू झाली. मार्चअखेरीस व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी तर ते उघडच सांगितलं. मला त्या दिवसांत फार चीड यायची. एवढ्या राज्यांचं मतदान बाकी असताना कोणी कोणाला घरी पाठवायचं? हिलरी हटल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी पेनसिल्व्हेनिया जिंकलं, इंडियाना काठावर जिंकलं, वेस्ट व्हर्जिनिया ४१ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं, शिवाय केंटकी, पोर्तो रिको आणि अगदी शेवटच्या दिवशी साउथ डकोटा. त्या दिवशी, ३ जूनला, ओबामांचा उमेदवारीसाठी लागणारा प्रतिनिधींचा आकडा पूर्ण झाला. ७ जूनला हिलरींनी वॉशिंग्टनमध्ये त्यांना पाठिंबा जाहीर केला आणि बायकांना वर जाऊ न देणाऱ्या काचेच्या छताला आपल्या मतदारांमुळे गेलेल्या १ कोटी ८० लाख तड्यांची गोष्ट सांगितली. त्या भाषणाच्या वेळी मी टीव्हीसमोर रडले होते. मार्चमध्येच त्या थांबल्या असत्या, तर तो आकडा तेवढा झालाच नसता.

त्या लांबलेल्या लढतीने पक्षाचं वाटोळं होणार, असं तेव्हाही सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात त्या नोव्हेंबरमध्ये ओबामांनी इंडियाना जिंकलं. १९६४ नंतर तिथे एकही डेमोक्रॅट जिंकला नव्हता. नॉर्थ कॅरोलिनाही १९७६ नंतर पहिल्यांदाच पक्षाकडे आलं. या दोन्ही राज्यांत ६ मेपर्यंत चुरशीची प्रायमरी झाली होती, कार्यकर्ते दारोदार फिरले होते, मतदारांच्या नव्या नोंदण्या झाल्या होत्या. त्या फिरण्याचा आणि नोंदण्यांचा उपयोग नोव्हेंबरात झाला, असं माझं मत आहे.

सँडर्स यांची आजची पिछाडी हिलरींच्या तेव्हाच्या पिछाडीपेक्षा बरीच मोठी आहे, हे मान्य. म्हणून हिलरींना जो हक्क होता तो सँडर्सना नाही, असं होत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या मनात थोडी गल्लत होते, असं मला तिकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना जाणवतं. आपल्याकडे तिकिटांची यादी वरून येते. ज्याला तिकीट मिळत नाही तो बंडखोरी करतो आणि अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्याची मनधरणी चालते. माघार म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. सँडर्स त्या अर्थाने बंडखोर नाहीत. इथे तिकीट कोणाला द्यायचं हेच मतदार ठरवतात आणि ते ठरवण्याचं काम अजून चालू आहे. कॅलिफोर्नियातून ४७५ प्रतिनिधी निवडायचे आहेत, आमच्या न्यू जर्सीतून १२६. न्यू मेक्सिको, माँटाना आणि दोन्ही डकोटा यांचंही मतदान त्याच दिवशी आहे. आमच्याआधी ज्यांनी मत दिलं, त्यांचं मत आमच्यापेक्षा मोठं का ठरावं?

माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. तिचं हे पहिलंच मतदान आणि ती सँडर्सची. १६ मेच्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून केंटकीतल्या मतदारांना फोन करत होती. शेजारी वही, वहीत तीन रकाने: हो, नाही, नंतर करा. मी पोळ्या लाटत होते. फोन स्पीकरवर होता. एक वयस्कर बाई तिला म्हणाल्या, "तो हरलाच आहे ना, मग कशाला त्रास घेतेस?" माझी मुलगी म्हणाली, "तुम्ही मत कुठे दिलंय अजून? मग हरला कसा?" पलीकडे थोडा वेळ शांतता, मग त्या बाईंनी मतदान केंद्र किती वाजता उघडतं ते विचारलं. दुसऱ्या दिवशी केंटकीत हिलरी जिंकल्या, साडेचार लाखांच्या मतदानात दोन हजारांहूनही कमी मतांनी. मुलगी हिरमुसली, पण निकाल तिने मान्य केला, कारण तो मतमोजणीतून आला होता. उद्या सँडर्सना दबाव आणून बसवलं, तर ते ती मान्य करणार नाही. नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध अशी हजारो पोरं हिलरींसाठी फोन करायला हवी असतील, तर ही बाब हलकी समजू नये.

आपण १९८०चा दाखला दिलात. तो महत्त्वाचा आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविरुद्ध पक्षाची उमेदवारी मागणारे टेड केनेडी थेट न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत अडून राहिले, प्रतिनिधींना बांधून ठेवणारा नियमच बदलायला निघाले, आणि नोव्हेंबरमध्ये कार्टर हरले. पण कार्टर एका केनेडींमुळे हरले का? महागाई आणि इराणमधल्या ५२ ओलिसांचा प्रश्न कार्टर यांच्या मानगुटीवर होताच. शिवाय १९८८ही बघायला हवं. तेव्हाच्या उमेदवारीच्या लढतीत जेसी जॅक्सन जिंकणार नाहीत हे स्पष्ट होतं, तरी ते शेवटपर्यंत लढले, सुमारे ७० लाख मतं मिळवली आणि त्या बळावर पक्षाकडून नियम बदलून घेतले. प्रतिनिधींचं आजचं प्रमाणशीर वाटप त्यातूनच पक्कं झालं. वीस वर्षांनी त्याच नियमाचा फायदा ओबामांना झाला.

मात्र लढत राहणं आणि काहीही करणं यात फरक आहे. नेवाडाच्या राज्य अधिवेशनात १४ मे रोजी गोंधळ झाला आणि नंतर पक्षाच्या तिथल्या अध्यक्षा बाईंना धमक्यांचे फोन आणि निरोप गेले. सँडर्स यांनी निषेध केला, पण त्याच निवेदनात तक्रारींचा पाढा वाचला. तो निषेध निखळ हवा होता. तसंच मतांत मागे असताना सुपरडेलिगेटांनी, म्हणजे मतदारांनी न निवडता पदामुळे अधिवेशनात मत मिळणाऱ्या पक्षनेत्यांनी, आपल्या बाजूला यावं, ही त्यांची मागणी मला अजिबात पटत नाही. याच सुपरडेलिगेटांवर त्यांनी आधी टीका केली होती. आमच्या बाजूचीही चूक आहे. मे महिन्यात कॅलिफोर्नियात वादचर्चा घ्यायचं ठरलं होतं. या सोमवारी हिलरींच्या प्रचारपथकाने ती नाकारली. मतदारांपुढे उभं राहायला पुढे असलेल्या उमेदवाराने का कचरावं?

१४ जूनला वॉशिंग्टन डी.सी.चं शेवटचं मतदान झालं, की सँडर्स यांनी आकडे मान्य करून हिलरींना मनापासून पाठिंबा द्यावा, ही अपेक्षा मी जरूर करते. तेव्हा त्यांनी टाळाटाळ केली, तर आपल्याच दैनिकाला मी त्यांच्याविरुद्ध पत्र लिहीन.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ७ जूनला मुलीने लाल पेनने गोल केला आहे. मतदान सकाळी सहाला सुरू होतं. मला कामावर जायचं असतं, म्हणून आम्ही दोघी पहिल्या तासातच जाणार आहोत, ती सँडर्सना मत द्यायला आणि मी हिलरींना.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी
२५ मे २०१६