देवनागरी हेडिंगच्या लिंका तुटल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या हेडिंग कंपोनंटमुळे मराठी पानांचे झालेले नुकसान

महोदय/महोदया,

आमची शेतीविषयक मराठी वेबसाइट तुमच्या सेवेवर चालते. आमचे लेखक मार्कडाउनमध्ये, म्हणजे हॅश, तारा अशा साध्या चिन्हांनी मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत लिहितात. त्यांना एचटीएमएल येत नाही आणि यायची गरजही नाही. ओळीच्या सुरुवातीला दोन हॅश दिले की हेडिंग झाले. त्या हेडिंगला, लिंकला, चित्राला आमचे स्वतःचे कंपोनंट (तो भाग पानावर कसा उमटावा हे ठरवणारे कोडचे तुकडे) लावता येतील, असे तुमच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले होते. तेवढ्यासाठीच आम्ही वर्षाची वर्गणी भरली.

ताज्या अपडेटमध्ये तुम्ही आमचा हेडिंग कंपोनंट न विचारता काढून तुमचा बसवला. हा कंपोनंट हेडिंगच्या मजकुरातून आयडी, म्हणजे लिंक ज्या खुणेवर नेते ती खूण, तयार करताना फक्त ‘अक्षरे’ ठेवतो. युनिकोड या संगणकीय लिपी-मानकात मात्रा, अनुस्वार आणि हलन्त अक्षरांच्या वर्गात येत नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे ‘कीड नियंत्रण’चा आयडी ‘कड-नयतरण’ झाला. ‘पीक’ आणि ‘पिके’ या दोन्हींचा ‘पक’ झाला, म्हणून अनुक्रमणिकेत दुसऱ्यावर बोट ठेवले तरी पान पहिल्यावरच जाते. जुन्या लिंकांना तर जुळणारा आयडीच उरला नाही. फवारणीचे प्रमाण बघायला शेतकरी व्हॉट्सॲपवर आलेली लिंक बांधावर उभा राहून उघडतो आणि लांबलचक लेखाच्या माथ्यावर येऊन पडतो. हे आम्हाला सहन होण्यासारखे नाही.

चित्रांचेही तसेच. मार्कडाउनमधले चित्र परिच्छेदाच्या टॅगमध्ये येते. तुमचा कंपोनंट त्याच्या आत फिगर टॅग घालतो, ते एचटीएमएलच्या नियमात बसत नाही आणि पान उघडताना हायड्रेशनची (सर्व्हरवरून आलेले पान ब्राउझरमधल्या कोडशी जोडण्याच्या पायरीची) चूक येते.

शब्द अवतरणचिन्हांसकट ठळक करून त्याला ‘ला’ किंवा ‘चा’ जोडला की पानावर तारे तसेच दिसतात, याचा दोष मात्र तुम्हाला देत नाही. कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण नियमावलीतला नियमच तसा आहे. पण तुमच्या प्रिव्ह्यूमध्ये तोच शब्द नीट ठळक दिसतो, म्हणजे प्रिव्ह्यू आणि साइट यांचे पार्सर (मार्कडाउन वाचून त्याचे पान बनवणारे प्रोग्राम) वेगवेगळे आहेत. मग लेखकाने तपासायचे तरी कशावर?

मदत कक्षाने प्रत्येक हेडिंगला हाताने इंग्रजी आयडी द्या, असे सुचवले. मराठी लेखाला मराठीच हेडिंग असणार, आणि ते चालवणे हे तुमच्या कंपोनंटचे काम आहे.

आयडी तयार करताना मात्रा व इतर चिन्हे राखा, म्हणजे जुन्या लिंका पुन्हा चालू होतील. हेडिंग आणि चित्राला आमचे कंपोनंट लावण्याची सोय परत द्या. हे पंधरा दिवसांत होणार नसेल, तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करा आणि आमच्या सर्व मार्कडाउन फाइली चित्रांसह उतरवून घेण्याची व्यवस्था करा. लेखी उत्तराची वाट पाहत आहोत.

कळावे,
आपला वर्गणीदार ग्राहक