पैसे पोहोचतात, हातात पडत नाहीत

महोदय,

पूर्वी मुंबईचा चाकरमानी मनिऑर्डर धाडायचा आणि पोस्टमन आईच्या हातात नोटा मोजून द्यायचा. आता पैसे क्षणात खात्यात पडतात, पण एटीएम तालुक्याला. म्हणून म्हातारी माणसे गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीच्या दुकानात, आधारवर अंगठा लावून पैसे काढतात आणि घोळ तिथेच होतो.

शेतात राबून, राखेने भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेले असतात. ‘लागलं नाही, पुन्हा लावा,’ असे केंद्रचालक सांगतो. बहुतेकदा ते खरेच असते. कधी मात्र पहिल्याच वेळी ३,००० निघालेले असतात, दुसऱ्यांदा आणखी ३,००० निघतात आणि आजीच्या पदरात ३,०००च पडतात. म्हणून दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पहिल्या व्यवहाराची छापील पावती मागावी, फसला म्हणाले तरी. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, अंगठा चालत नसेल तर दुसरे बोट लावून पाहावे. एका वेळी १०,०००पर्यंतच रक्कम निघते. दोन बँकांत खाती असतील तर ज्या खात्यात मुलाने पैसे टाकले त्याच बँकेचे नाव चालकाला सांगायचे. नाहीतर ‘खात्यात काहीच नाही’ ऐकून रिकाम्या हाताने परत यावे लागते.

व्यवहार फसूनही खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही, तर बँकेने ती ५ दिवसांत आपणहून परत जमा करायची असते. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा २०१९चा नियम आहे. तक्रार केंद्रचालकाकडे नव्हे, खाते असलेल्या बँकेत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; चौकशीसाठी क्रमांक १४४४८.

सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच रोकड द्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१७मध्येच बँकांना सांगितले आहे. आधार जोडलेले असेल तर दुसऱ्या बँकेच्या खात्यातले पैसेही टपाल बँकेचा पोस्टमन घरी येऊन देऊ शकतो. पण तो कोणत्या वाडीत कोणत्या वारी येणार, हे कुणालाच ठाऊक नसते. बँकांनी आणि टपाल खात्याने ते वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत.

– ग्रामस्थ मंडळाचे कार्यकर्ते, लालबाग, मुंबई