वूताओखोउच्या ताईस, आभारपूर्वक

प्रिय ताई,

पेइचिंगला, म्हणजे बीजिंगला, वूताओखोउ या विद्यापीठांच्या भागात चिनी शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींच्या फोनमध्ये तुझ्या वहीचे फोटो असतात. चाळीस पानं, निळी शाई, काही ठिकाणी चहाचे डाग. त्या वहीवर तू नावसुद्धा घातलं नाहीस. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. आभार तुझ्यापर्यंत पोचावेत, आणि ज्यांच्या हाती वही अजून पडलेली नाही त्यांना तिच्यात काय आहे ते कळावं.

पहिल्या पानावर तू लिहिलंस, ‘पिनयिन वाचताना इंग्रजी विसरा, बाराखडी आठवा.’ सगळ्यात मोठे उपकार या एका ओळीचे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची ही पद्धत १९५८ साली मंजूर झाली. चिनी भाषेत ब, द, ग हे ध्वनी मुळात नाहीत, म्हणून ती अक्षरं मोकळी होती आणि दुसऱ्या कामाला लावली गेली. बी लिहिलं की प, पी लिहिलं की फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. वर्तमानपत्रांतलं ‘बीजिंग’ इथे कुणी म्हणत नाही, सगळे ‘पेइचिंग’ म्हणतात. युरोप-अमेरिकेतून आलेल्या वर्गमित्रांना प आणि फ मधला श्वासाचा फरक कानाला पकडायला बरेच दिवस लागतात. आपल्याला तो मुळाक्षरांतच मिळालेला असतो, फक्त इंग्रजी मध्ये आलं की आपण तो हरवून बसतो.

त्याखालीच तू लाल शाईत सावध केलंस, तेही महत्त्वाचं. आपल्यापैकी पुष्कळजण हल्ली ‘फळ’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत, खालचा ओठ दातांना लावून हवा सोडतात. चिनीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि गोंधळ झाला तर शब्दच बदलतो. त्यावर तुझा उपाय म्हणजे दुकानातल्या पावतीची पातळ पट्टी ओठांसमोर धरायची. प म्हणताना ती हलता कामा नये. ओठ मिटून फ म्हटला की उडायला हवी. त आणि थ, क आणि ख यांचीही हीच परीक्षा. त म्हणताना जीभ वरच्या दातांमागे ठेवायची. इंग्रजीच्या सवयीने ती ट-डकडे गेली की ऐकणाऱ्याला खटकतं.

च चं पान तर आम्हाला पाठ आहे. मराठीत ‘चहा’चा च वेगळा आणि ‘चाक’चा च वेगळा, हे आपण कधी मुद्दाम शिकत नाही. चिनीत हे दोन्ही आहेत. झेड लिहिलेलं असतं तो चाकातला च, जे लिहिलेलं असतं तो चहातला. क्यू म्हणजे छ. सी मात्र मराठीत नाही. चाकातला च घ्यायचा आणि त्यावर छ इतका श्वास सोडायचा. हा श्वास राहिला की ‘भाजी, पदार्थ’ या अर्थाचा शब्द ‘एखाद्या ठिकाणी असणं’ या शब्दासारखा ऐकू येतो, कारण दोन्हींचा सूर, म्हणजे अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, एकच, चौथा. शिवाय स आणि ष. चार म्हणजे स, दहा म्हणजे ष, आणि दोन्हींत ‘ई’ नाही, जीभ जिथे टेकली तिथेच स्वर दाबून ठेवायचा. बाजारात चौदा आणि चाळीस याच दोन अक्षरांची उलटापालट आहे. किंमत ऐकून खात्री नसेल तर बोटांनी किंवा फोनवर आकडा दाखवून घ्यायचा, हेही तू लिहून ठेवलंस.

डोक्यावर दोन ठिपके असलेल्या यूबद्दल (ü) तुझी एक ओळ पुरली: जीभ ‘ई’ला, ओठ ‘ऊ’ला. जे, क्यू, एक्स आणि वायनंतर ठिपके लिहीत नाहीत, उच्चार मात्र ठिपक्यांचाच. फोनवर ते अक्षर हवं असेल तर व्ही दाबायचं.

सुरांचं पान सगळ्यात जास्त वेळ घेतं, आणि घ्यायलाच हवं. चार सूर सुटे सुटे घोकून बोलताना काही उपयोग होत नाही, कारण शब्द बहुतेक दोन अक्षरी असतात. म्हणून तू जोड्यांचा तक्ता केलास. चार सुरांपुढे चार सूर आणि एक हलका, म्हणजे स्वतःचा सूर नसलेला, अशा २० जोड्या. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला दुसरा होतो, म्हणून कानाला १९. रोज एका जोडीचे दहा शब्द. पुस्तकात तिसरा सूर खाली जाऊन वर येताना दाखवतात. वाक्यात तो बहुतेक वेळा खालीच राहतो, वर ओढत बसलं की बोलणं अडखळतं. दुसरी चूक खास आपली. ‘येतोस?’ विचारताना आपण शेवट वर नेतो. चिनीत तसं केलं की शेवटच्या शब्दाचा उतरता चौथा सूर चढत्या दुसऱ्यासारखा वाटतो. प्रश्नासाठी शेवटी ‘मा’ लावायचा आणि आधीचे सूर जागच्या जागी ठेवायचे. ‘माय’ तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्यात विकणं. ‘नार’ तिसऱ्यात कुठे, चौथ्यात तिथे. टॅक्सीत बसल्यावर हा फरक लगेच उपयोगी पडतो.

व्याकरणात तू आम्हाला घरीच नेऊन सोडलंस. शेवटी येणारा ‘ल’ इंग्रजीतून शिकवला की भूतकाळ वाटतो आणि मग सगळं चुकत जातं. खानावळीत हाक मारली की आतून ‘लाय ल!’ असं ओरडतात. माणूस अजून आलेला नसतो. आपणही दाराकडे जाता जाता ‘आलो, आलो!’ म्हणतो, उठण्याआधी ‘निघालो’ म्हणतो, पहिला थेंब पडला की ‘पाऊस आला’ म्हणतो. हे समजलं की ‘ल’चा निम्मा वापर आपोआप बसतो. तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘वोमन’ दोन्हीकडे चालतं, पण पेइचिंगकर चाकातल्या चने ‘चान्मन’ म्हणाला की समोरचा माणूस त्यात धरलेलाच असतो. इंग्रजीत याला शब्दच नाही, आपल्याला मात्र समजावून सांगावं लागत नाही.

अक्षरांसाठी चौकटीत फुली असलेली सरावाची वही, आणि एकेक सुटं अक्षर न घोकता कुटुंबं लावायची. तुझं ‘छिंग’ कुटुंब अजून डोळ्यांसमोर आहे. उजवीकडे तोच भाग, डावीकडे पाण्याची खूण आली तर स्वच्छ, वाणी आली तर ‘कृपया’, हृदय आलं तर भावना, सूर्य आला तर निरभ्र. डोळा आला की मात्र उच्चार छिंग राहत नाही, चिंग होतो. उजवा भाग आवाज सुचवतो, हमी देत नाही, हे तू तिथेच दाखवलंस.

कागदपत्रांचं पान कोरडं आहे, पण कितीजणांची धावपळ त्याने वाचली असेल! एक्स-१ व्हिसावर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर, मुक्कामाचे दिवस ‘०००’ छापलेले पाहून घाबरायचं नाही, त्याचा अर्थ निवास परवाना इथे येऊन काढायचा. आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा, आणि तो हाती येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही, कारण व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. पोलीस नोंदणी २४ तासांत. वसतिगृहात ती तेच करून देतात, बाहेर खोली घेतली तर घरमालकाला घेऊन चौकीत जायचं, पत्ता बदलला की पुन्हा. वैद्यकीय फॉर्मवर दवाखान्याचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा, रक्ताचे आणि एक्स-रेचे मूळ अहवाल सोबत हवेत. आणि नाव! आपल्या पासपोर्टात बहुधा वडिलांचं नावही असतं. सिमकार्ड, बँक आणि वीचॅट (निरोप धाडायचं आणि पैसे भरायचं इथलं ॲप) तिन्हीकडे तोच क्रम, त्याच मोकळ्या जागा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गळलं की ओळख पटवताना गाडी अडते आणि पैसे भरता येत नाहीत.

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेबद्दल तू थोडकंच लिहिलंस. चौथी पातळी, जुन्या यादीप्रमाणे १२०० शब्द, ३०० पैकी १८० ला उत्तीर्ण. १०० प्रश्नांत ऐकण्याचे ४५, वाचनाचे ४०, लेखनाचे १५. संगणकावर दिली तर अक्षरं टंकता येतात, पण वर्गातलं श्रुतलेखन हातानेच असतं, म्हणून लिहिण्याचा सराव सोडायचा नाही. प्रवेशासाठी निकाल दोन वर्षं धरतात, तेव्हा फार आधी देऊन ठेवू नका, हा तुझा सल्ला पुष्कळांच्या कामी आला.

ताई, वहीत आता आम्ही दोन पानं जोडली आहेत. एकावर चिनी भाषेच्या २०२१ च्या नव्या प्रमाणातल्या नऊ पातळ्या, दुसऱ्यावर काका, मामा, आत्या, मावशी यांचे चिनी शब्द. वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावाला इथे वेगवेगळी हाक आहे, ती दोन रकान्यांत मांडली आहे. सप्टेंबरची नवी मुलं यायच्या आत एकदा नजर टाकशील का? सुरांच्या खुणा तुझ्यासारख्याच लाल शाईत केल्या आहेत, काही चुकलं असेल तर तिथेच खोडून दुरुस्त कर.

तुझी ऋणी,
वूताओखोउची मराठी मुलं-मुली